गल्ल्यावरची घंटा

परवा सकाळी फिरून येताना चहाच्या टपरीवर थांबलो होतो. गर्दीत कुणीतरी मोबाइलवरून पैसे दिले आणि फळीवर ठेवलेल्या लहानशा डब्यातून बाईच्या आवाजात घोषणा झाली की वीस रुपये मिळाले. चहावाल्याने मान वर केली नाही. त्याचे हात आलं किसत होते आणि कान हिशोब ठेवत होते. मला एकदम अण्णांची आठवण झाली. अण्णा म्हणजे माझे वडील. पुण्यातल्या एका पेठेत त्यांचं लहानसं उपाहारगृह होतं आणि गल्ल्याजवळ बसून तेही असाच कानांनी हिशोब ठेवायचे.

आज मला या गल्ल्याबद्दलच बोलायचं आहे. माल ज्या जागी विकला जातो आणि पैसे ज्या जागी हातात पडतात, तिला संगणकवाले ‘पॉइंट ऑफ सेल’ म्हणतात. आपण गल्ला म्हणतो. या जागेवर बसवायच्या यंत्राला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात कुठल्या पेढीत किंवा बँकेत झाली नाही. ती झाली खाण्यापिण्याच्या धंद्यात, आणि ती झाली संशयातून.

पण आधी आपल्याकडची पद्धत सांगतो. पूर्वी आपल्या बऱ्याच हॉटेलांत बिल लिहीत नसत, बिल ओरडत असत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्यांनी ब्रून-मस्का खाल्ला आहे, त्यांना हे सांगायला नको. १९०४ साली सुरू झालेलं कयानी आजही उभं आहे. त्या काळापासूनच्या इराण्यांकडे मालक स्वतः दाराशी काउंटरवर बसलेला असायचा. गिऱ्हाईक उठलं की वेटर आतूनच हाळी द्यायचा : ‘निळा सदरा, बारा आणे! मागे टोपीवाले, सहा आणे!’ निळा सदरा काउंटरपर्यंत पोचेपर्यंत मालकाचा हात सुट्ट्या पैशांत गेलेला असायचा. हाळी भर हॉटेलात दिलेली असल्यामुळे गिऱ्हाइकाला कमी सांगता येत नसे, वेटरला मागाहून बदलता येत नसे आणि मालकाला जास्त घेता येत नसे. सगळं हॉटेलच साक्षीदार.

गिरणगावातल्या खानावळींचा हिशोब आणखी वेगळा. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार घरच्यांना गावी ठेवून मुंबईत राहायचा. चाळीतल्या एखाद्या मावशीकडे दोन वेळचं जेवण आणि पगाराच्या दिवशी हिशोब चुकता. पैसे महिनाभराने यायचे, पण तांदूळ आणि रॉकेल रोज लागायचं. त्यासाठी या बाया सावकाराच्या दारात जात. त्यांना बँकेची कर्जं मिळावीत म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, तशी खानावळींची येणीही थांबली. जिथे सगळा व्यवहार शब्दावर चालतो, तिथे शब्द पाळणाऱ्याचाच रोजगार गेला तर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच वहीत नसतं.

आमचं उपाहारगृह या दोहोंच्या मधलं. नऊ टेबलं, संगमरवरी फरश्यांची. वेटरच्या हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक, मध्ये कार्बन. एक प्रत भटारखान्यात, एक गल्ल्यावर. गल्ल्यावर एक गृहस्थ बसत, त्यांना आम्ही मुलं काका म्हणायचो. रत्नागिरीकडचे. काळी टोपी, पांढरा सदरा, आणि नाण्यांच्या चळती अशा लावलेल्या की डोळे मिटून चार आणे काढावेत. रात्री शटर अर्धं खाली आलं की काका चिठ्ठ्यांची बेरीज करत, अण्णा रोकड मोजत, आणि दोन आकडे समोरासमोर ठेवले जात.

१९८७ च्या पावसाळ्यात हे आकडे जुळेनासे झाले. चिठ्ठ्यांची बेरीज जास्त, रोकड कमी. कधी वीस रुपये, कधी चाळीस. मिसळीची प्लेट दोन-तीन रुपयांना विकत होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. काकांनी एकदा सुचवून पाहिलं, ‘मालक, वरचा खर्चही आपण लिहून ठेवू या.’ अण्णा म्हणाले, ‘धंदा तुम्ही मला शिकवू नका.’ पुढच्या महिन्यातही तूट आली. अण्णा काकांना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एका रात्री गल्ल्याची किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या जानव्याला बांधली. काकांनी ती मुकाट्याने दिली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तीन दिवसांनी निरोप आला की गावी जात आहेत. एकवीस वर्षांची नोकरी अशी एका किल्लीवर संपली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला वाईट वाटलं, पण मनात मीही तेच धरून चाललो होतो, जे अण्णांनी धरलं होतं.

आता इथून बरोबर एकशे आठ वर्षं मागे जाऊ. अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाच्या माणसाचं सलून होतं. हे केस कापायचं सलून नव्हे. दारू आणि खाणं मिळायची जागा. धंदा जोरात होता, पण हातात पैसा राहत नव्हता. नोकर खिशात घालतात अशी रिटीची खात्री होती, पण पकडणार कसं? या काळजीने तो इतका खंगला की १८७८ मध्ये हवापालटासाठी युरोपला निघाला. बोटीवर त्याला इंजिनघर बघायला मिळालं. तिथे बोटीचा पंखा किती वेळा फिरला, हे मोजणारं एक यंत्र होतं. रिटीच्या डोक्यात आलं, पंख्याचे फेरे जर असे मोजता येतात, तर विक्री का मोजता येऊ नये?

परत आल्यावर त्याने आपला भाऊ जॉन याला हाताशी धरलं. जॉन यंत्रकामातला जाणकार होता. दोघांनी मिळून एक यंत्र केलं आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचं पेटंट मिळालं. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं, ‘रिटीचा भ्रष्ट न होणारा कॅशियर’. नावातच मालकाच्या मनातलं सगळं आलं. पहिलं यंत्र दिसायला घड्याळासारखं होतं. तबकडीवर काटे, एक डॉलर दाखवणारा, एक सेंट दाखवणारा. रकमेची कळ दाबली की आकडा गिऱ्हाइकालाही दिसायचा आणि आतल्या आत बेरीजही व्हायची. पैसे ठेवायचा खण त्यात नव्हताच! म्हणजे रिटीला पैसे ठेवायची पेटी नको होती, त्याला साक्षीदार हवा होता. खण आला मागाहून, आणि तो उघडताना वाजणारी घंटाही. मालक आतल्या खोलीत असला तरी घंटा त्याच्या कानावर पडायची. विक्रीची नोंद केल्याशिवाय खण उघडायचा नाही, आणि खण उघडला की घंटा वाजल्याशिवाय राहायची नाही.

रिटीला स्वतःला यातून मोठा पैसा मिळाला नाही. सलून आणि कारखाना अशा दोन दगडांवर पाय ठेवणं त्याला झेपेना. त्याने यंत्राचा धंदा विकून टाकला आणि १८८२ मध्ये डेटनलाच नवं सलून काढलं. यंत्राचं नशीब उघडलं ते जॉन पॅटरसन या माणसामुळे. पॅटरसन कोळशाच्या धंद्यातला. त्याच्या दुकानात माल खपायचा पण नफा दिसायचा नाही. ही यंत्रं आणल्यावर तो दिसू लागला. १८८४ मध्ये त्याने ती कंपनीच ताब्यात घेतली आणि तिला नाव दिलं, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी. पुढे ‘एनसीआर’ या तीन अक्षरांनी ती जगभर ओळखली गेली.

यंत्र विकणं मात्र सोपं नव्हतं. दुकानातल्या कारकुनांना आणि सलूनमधल्या नोकरांना ते शत्रू वाटायचं. ‘आमच्यावर चोरीचा आळ घेणारं हे यंत्र आम्ही चालवायचं?’ हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. यंत्राची माहितीपत्रकं टपालाने आली की नोकर ती मालकापर्यंत पोचूच देत नसत. मग कंपनी साध्या पाकिटांतून, वर नाव न छापता ती पाठवू लागली. पॅटरसनच्या विक्रेत्यांना काय बोलायचं याचं छापील पुस्तकच पाठ करावं लागे. त्या पढवलेल्या बोलण्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विक्रेते मालकाला सांगत, हे यंत्र तुमच्या प्रामाणिक नोकराचं रक्षण करतं. तूट आली की संशय सगळ्यांवर जातो; नोंद असली की निर्दोष माणूस सुटतो. ही विक्रेत्याची हुशारी होती, हे खरं. पण ती खोटी नव्हती.

१९०६ साली त्याच कंपनीत चार्ल्स केटरिंग या तरुण इंजिनिअरने कॅश रजिस्टरला विजेची मोटर जोडली. मोटारगाडी हँडल न फिरवता सुरू करणारा स्टार्टर पुढे यानेच काढला. गिऱ्हाइकाच्या हातात छापील पावती देण्याची प्रथाही याच यंत्रांनी रुजवली. पावती म्हणजे गिऱ्हाइकालाच राखणदार नेमणं. पावती मागितली की नोंद करावी लागते आणि नोंद झाली की पैसा हिशोबात येतो. आपल्या रेल्वेने २०१९ साली गाडीतल्या खाण्यासाठी ‘बिल नाही, तर पैसे नाहीत’ असं धोरण जाहीर केलं, ते याच जुन्या युक्तीच्या आधारावर.

तरीही उपाहारगृहाचा प्रश्न या यंत्राने पुरता सुटत नव्हता. किराणा दुकानात साबण दिला, पैसे घेतले, व्यवहार संपला. हॉटेलात तसं नसतं. गिऱ्हाईक आधी चहा सांगतं, मग मित्र येतो, मग भजी येतात, मग ‘अजून एक हाफ आणा’ होतं, आणि पैसे द्यायची वेळ येते तासाने. तोवर हिशोब उघडाच असतो. शिवाय पदार्थ भटारखान्यात होतो आणि पैसे दाराशी येतात. या दोन जागा जोडायच्या कशा?

उत्तर संगणकाने दिलं. १९७४ मध्ये विल्यम ब्रोबेक यांच्या कंपनीने मॅकडॉनल्ड्ससाठी मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रणा तयार केली. इंटेलची ८००८ ही चिप त्यात होती. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र बटण, गिऱ्हाइकाची पूर्ण मागणी समोर दिसणार, एक मागणी पुरी होण्याआधी दुसरी घेता येणार, आणि शेवटी करासकट बेरीज. त्याच वर्षी, २६ जूनला, डेटनजवळच्याच ट्रॉय गावात एका दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली. ते होतं च्युइंगगमचं पुडकं. पुढची उडी १९८६ मधली. न्यूयॉर्क राज्यातल्या सायराक्यूज शहरात जीन मोशर नावाचे हॉटेलवाले होते. त्यांनी अटारी कंपनीच्या संगणकावर रंगीत पडद्याला बोट लावून चालणारी यंत्रणा तयार केली आणि लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडली. टेबलाच्या चित्रावर बोट ठेवा, पदार्थावर बोट ठेवा, मागणी थेट भटारखान्यात. आज पिझ्झाच्या दुकानापासून उडप्यापर्यंत आपण जे बघतो, त्याचा हा आराखडा. रिटीसारखाच मोशरही स्वतः गल्ल्यावर बसलेला माणूस होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आमच्याकडे हे यंत्र आलं २००६ मध्ये. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला होता, आणि करसल्लागार म्हणाले, चिठ्ठ्यांवर आता भागणार नाही. अण्णांनी हो-ना करत होकार दिला. यंत्र बसवायला पंचविशीचा एक मुलगा आला. मला वाटलं होतं, तारा जोडेल आणि जाईल. तो वही काढून माझ्यासमोर बसला आणि प्रश्न विचारू लागला.

‘पदार्थ किती?’ मी म्हटलं, पस्तीस-चाळीस. यादी संपली तेव्हा आकडा एकशे बारावर गेला होता. मिसळ एक पदार्थ, पण कमी तिखट मिसळ वेगळी का? जादा पावाचे पैसे, मग जादा रश्शाचे का नाहीत? एक चहा दोघांत म्हणजे यंत्राने एक समजायचा की दोन? मग टेबलं. यंत्र धरून चाललं होतं की एका टेबलावर एक कुटुंब आणि त्यांचं एक बिल. आमच्याकडे एका टेबलावर चार अनोळखी माणसं बसत आणि चौघांची बिलं चार. शेवटी त्याने प्रत्येक खुर्चीला नंबर दिला. भटारखान्यात छपाईचं यंत्र बसवलं, तर वाफेने कागद मऊ पडायचा. ते चुलीपासून लांब, खिडकीशी न्यावं लागलं. आमच्या वस्तादाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पदार्थांची नावं मराठीत आणली. सगळ्यात मोठा वाद झाला एका साध्या प्रश्नावर : एकदा लिहिलेला पदार्थ रद्द करायचा अधिकार कुणाला? वेटरला दिला तर गैरवापराची भीती, फक्त मालकाला दिला तर मालक जेवायला गेल्यावर गिऱ्हाईक खोळंबणार.

शेवटचा प्रश्न त्याने जाता जाता विचारला. ‘काका, गल्ल्यातून पैसे बाहेर जातात, ते कुठे लिहायचे?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे गल्ल्यातून पैसे बाहेर जात नाहीत.’ त्याने मान डोलावली आणि तो रकाना बंद करून टाकला.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस यंत्राने कागद काढून दिला. रोज तूट. दोनशे, साडेतीनशे, एकशे ऐंशी. गल्ल्यावर आता मी बसत होतो. नवं यंत्र चुकतंय, असं म्हणून मी त्या मुलाला बोलावून घेतलं. त्याने सगळं तपासलं, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग आठ दिवस आम्ही एक वही ठेवली. गल्ल्यातून जाईल तो प्रत्येक रुपया लिहायचा. कोथिंबीरवाला चाळीस. बर्फ साठ. हमाली. मंडळाची वर्गणी. नातवाला वह्या. आईचं औषध. अण्णांचं पान. पाहुण्यांना सोडायला गेलेली रिक्षा. आठव्या दिवशी दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले. अकरा रुपयांचा फरक होता.

अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावून पहिल्यापासून वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या वर्षी तुझ्या आत्याचं बाळंतपण होतं रे घरात. मी येताजाता घेत होतो.’ वर्ष कुठलं, हे मला विचारावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीने काकांच्या गावी गेलो. काका ओटीवर सुपारी सोलत बसले होते. तीच काळी टोपी. अण्णांनी माफी मागितली. त्यांना ती नीट मागता आली नाही, शब्द मध्येच अडकले. काकांनी ऐकून घेतलं. ‘मला ठाऊक होतं, मालक,’ एवढंच म्हणाले. मग चहा आला. निघताना त्यांनी मला विचारलं, ‘आता गल्ल्यावर कोण असतं?’ मी म्हटलं, मी असतो आणि संगणक असतो. ‘त्याला सुट्टे सांभाळता येतात का?’ काकांनी विचारलं, आणि एकोणीस वर्षांनंतर ते आणि अण्णा एकत्र हसले.

रिटीच्या यंत्राबद्दल वाचतो, तेव्हा मला नेहमी वाटतं की त्याने निम्मंच यंत्र केलं. आत येणाऱ्या पैशाला त्याने घंटा बांधली, पण मालकाच्या हाताने बाहेर जाणाऱ्या पैशाला बांधली नाही. नोकराचा हात तेवढा मोजायचा आणि मालकाचा सोडून द्यायचा, ही खोड यंत्राची नव्हे, यंत्र बसवणाऱ्याची. आमच्याकडे तो बंद केलेला रकाना मी दुसऱ्याच महिन्यात उघडून घेतला, आणि त्यात पहिलं नाव घातलं ते माझं.

त्यानंतर बरंच बदललं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून बहुतेक उपाहारगृहांना पाच टक्के दर झाला, दोन्ही वेळा यंत्रात बदल करावे लागले. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं, आणि हळूहळू गल्ल्यातली नाण्यांची चळत उतरत गेली. आता आमच्या गल्ल्यावरही तो बोलणारा डबा आहे. इराण्याच्या वेटरची हाळी, रिटीनंतर आलेली घंटा आणि हा डबा ही मला एकाच घराण्यातली मंडळी वाटतात. पैसा आला हे चारचौघांत सांगणं, एवढंच त्यांचं काम.

नव्याने हॉटेल काढणारी मुलं कधी कधी सल्ला विचारायला येतात. यंत्र कुठलं घेऊ, पडदा केवढा घेऊ, असं विचारतात. मी म्हणतो, कुठलंही घ्या. पण बसवायला आलेला माणूस शेवटचा प्रश्न विचारील, तेव्हा घाईने ‘नाही’ म्हणू नका. आणि पहिल्या महिन्यात तूट आलीच, तर गल्ल्यावरच्या माणसाकडून किल्ली मागण्याआधी आठ दिवस वही ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)